उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळली, दोष कुणाचा?

‘सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल’ ही ओळ पेपरात इतक्या वेळा येते की डोळे तिच्यावरून घसरतात. पण त्यातल्या पहिल्या शब्दापाशी थांबलं तर प्रश्न पडतो. सदोष मनुष्यवध असेल, तर निर्दोष मनुष्यवधही असणार. म्हणजे एखाद्याच्या हातून माणूस मेला आणि तरी त्याचा दोष नाही, असं होतं?

होतं. भारतीय न्याय संहितेचं कलम १८ तेच सांगतं. कायदेशीर काम, कायदेशीर रीतीनं, योग्य काळजी घेऊन करताना, मनात काही वाईट नसताना अपघातानं जीव गेला, तर तो गुन्हा नाही. कायद्यानं दिलेलं उदाहरण कुऱ्हाडीचं आहे. एकजण कुऱ्हाडीनं काम करतोय, पातं दांड्यातून निसटून उडतं आणि शेजारी उभा असलेला माणूस मरतो. काम करणाऱ्यानं घ्यायची तेवढी काळजी घेतली असेल तर तो सुटला. पण पातं हलतंय हे सकाळपासून दिसत असूनही त्यानं पाचर ठोकली नसेल, तर त्याला सुटका नाही. मेलेला माणूस दोन्हीकडे तोच, कुऱ्हाड तीच. बदललं ते एवढंच, की मारणाऱ्याला काय माहीत होतं आणि त्यानं काय करायला हवं होतं.

आता आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. रचलेलंच आहे, पण सांगली जिल्ह्यात गळीत हंगाम पाहिलेल्या कुणालाही ते खोटं वाटणार नाही. जानेवारीची रात्र. आष्ट्याकडून सांगलीकडे येणाऱ्या रस्त्यावर एक ट्रॅक्टर, मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. मागच्या ट्रॉलीचं टायर बसलं. ड्रायव्हरनं गाडी अर्धी डांबरावर, अर्धी साइडपट्टीवर सोडली आणि तो पंक्चरवाल्याला शोधायला गेला. ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नाही. रस्त्यावर दोन दगड ठेवणं, झाडाची फांदी टाकणं, तेही नाही. समोरून एक मोटार अप्पर मारत आली. मित्राच्या वाढदिवसाचं जेवून परतणारा चोवीस वर्षांचा पोरगा जोरात मोटारसायकल चालवत होता. त्याला ट्रॉली दिसली नाही. जागीच गेला.

सकाळी चहाच्या गाड्यावर निकाल लागतो.

“ट्रॅक्टरवाल्याचीच चूक की! अशी गाडी सोडून जातंय का कोण?”

“पोरगं काय कमी पळवत होतं का, आण्णा?”

“मी म्हणतो कारखान्याला धरा. रिफ्लेक्टर लावल्याशिवाय गाडी वजनकाट्यावर घ्यायचीच नाही.”

“रस्त्याला साइडपट्टी धड असती तर गाडी पूर्ण खाली घेतली असती त्यानं.”

“वेळ आली होती त्याची. दुसरं काय.”

यातलं कुणीच मूर्ख नाही. प्रत्येकजण खरंच बोलतोय, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतोय. अपघात कशानं झाला, हा एक प्रश्न. नियम कुणी मोडला, हा दुसरा. दोष कुणाचा, हा तिसरा. भरपाई कुणी द्यायची, हा चौथा. आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं, हा पाचवा. तो बहुधा कुणी विचारतच नाही. हे सगळे प्रश्न ‘चूक कुणाची?’ या दोन शब्दांत कोंबले की भांडण अटळ.

पहिल्यापासून सुरुवात करू. कारणं मोजायला बसलं तर ती संपत नाहीत. टायरमध्ये घुसलेला खिळा हे कारण. समोरचा अप्पर हे कारण. वाढदिवसाचं जेवण दहा मिनिटं आधी आटोपलं असतं तरी अपघात टळला असता, म्हणजे तेही कारणच. पण वाढदिवस करणाऱ्या मित्राला कुणी दोष देत नाही, आणि खिळ्याला तर नाहीच नाही. कारणांच्या या गर्दीतून दोष मोजक्यांच्याच वाट्याला येतो. ज्याच्यावर काही करण्याचं कर्तव्य होतं, ज्याला परिणाम कळत होता किंवा कळायला हवा होता, आणि ज्याला वेगळं वागणं शक्य होतं, त्याच्याच. ड्रायव्हरला दगड ठेवता आले असते. त्याला ते सुचायला हवं होतं. रहदारीच्या रस्त्यावर वाहन धोकादायक स्थितीत सोडू नये, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ नं त्याला बजावलेलंही आहे. म्हणून तो दोषाच्या यादीत येतो, खिळा येत नाही.

इथं ‘जबाबदार’ हा शब्द फार गोंधळ घालतो. ‘नुकसानीला अवकाळी पाऊस जबाबदार’, ‘पंपाच्या चावीला वायरमन जबाबदार’, ‘मृत्यूला डॉक्टर जबाबदार’. पहिल्या वाक्यात त्याचा अर्थ कारण, दुसऱ्यात कर्तव्य, तिसऱ्यात दोष. एकजण पहिल्या अर्थानं बोलतो, दुसरा तिसऱ्या अर्थानं ऐकतो आणि गावकीची बैठक मोडते.

मनात काय होतं?

फौजदारी कायदा दोष मोजतो तो मनाच्या पट्टीनं. अपघाताच्या फिर्यादीत एक ठरलेलं वाक्य असतं: ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने चालवून...’ वाचताना ते साचेबद्ध वाटतं, पण त्यातला एकेक शब्द पायरी सांगतो.

सगळ्यात वरची पायरी उद्देशाची. मारायचंच होतं आणि मारलं. त्याखाली जाणीव: मारायचं नव्हतं, पण या कृतीनं माणूस मरू शकतो हे पक्कं माहीत होतं आणि तरी केलं. त्याखाली बेदरकारपणा: धोका दिसला आणि ‘काही होत नाही’ म्हणून झटकून टाकला. सगळ्यात खाली हयगय: धोका दिसलाच नाही, पण शहाण्या माणसाला दिसला असता.

शिक्षा याच क्रमानं उतरत जाते. खुनाला, म्हणजे कलम १०३ खाली, फाशी किंवा जन्मठेप. खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाला कलम १०५. त्यात मारण्याचा किंवा मृत्यू ओढवेल अशी इजा करण्याचा उद्देश असेल तर जन्मठेपेपर्यंत, नुसती जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंत. निष्काळजीपणानं मृत्यूला कारणीभूत ठरलेल्याला कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पूर्वी, जुन्या भारतीय दंड संहितेत, हेच कलम ३०४ अ होतं आणि त्यात जास्तीत जास्त शिक्षा दोनच वर्षं होती. ते कलमही मूळ १८६० च्या संहितेत नव्हतंच. १८७० साली मागाहून घातलं गेलं. निष्काळजीपणानं माणूस मारणं हाही गुन्हा आहे, हे संहितेला दहा वर्षांनी सुचलं म्हणायचं.

कागदावर पायऱ्या स्पष्ट दिसतात. कोर्टात मात्र खरी मारामारी दोन पायऱ्यांच्या मधल्या जागेवर होते, आणि त्यातही जाणीव आणि हयगय यांच्या मधल्या जागेवर. तिथं एका पायरीचा फरक म्हणजे कित्येक वर्षांचा तुरुंग.

दोन खटले बघा. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत कार्टर रोडवर दारूच्या अमलाखाली असलेल्या एका तरुणानं फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर मोटार घातली. सात जण मेले. खालच्या कोर्टानं त्याला निष्काळजीपणाच्या कलमाखाली सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयानं ते सदोष मनुष्यवधाच्या कलमात नेलं आणि शिक्षा तीन वर्षं केली. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये ती कायम ठेवली. युक्तिवादाचा गाभा असा, की दारू पिऊन एवढ्या वेगानं गाडी चालवली तर माणसं मरतील, ही जाणीव अशा चालकाला असतेच. ‘मला तसं करायचं नव्हतं’ हे खरं असलं तरी पुरेसं नाही.

आता भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं मेली. कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांवर आधी सदोष मनुष्यवधाचा आरोप होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो उतरवून ३०४ अ वर आणला. कारखाना सदोष होता, पण त्या रात्री तो चालवल्यानं माणसं मरतील ही जाणीव या अधिकाऱ्यांना होती, असं दाखवणारा पुरावा समोर नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. २०१० मध्ये शिक्षा झाली ती त्या कलमातली कमाल, दोन वर्षांची. देश संतापला. संताप समजण्यासारखा आहे. पण त्यात एक समजूत दडलेली होती, की नुकसान जितकं मोठं तितका दोष मोठा. फौजदारी कायदा असं मोजत नाही. मला स्वतःला १९९६ चा तो निकाल पटत नाही. पण तो पटत नाही याचं कारण मृतांचा आकडा हे नाही. एवढं घातक रसायन साठवणाऱ्या कारखान्यात सुरक्षेच्या यंत्रणा बंद पडलेल्या असताना ‘जाणीव नव्हती’ हे म्हणणंच मला पचत नाही. वाद घालायचा तर या मुद्द्यावर घालावा.

राग हाही या पायऱ्यांमध्ये लुडबुडतो. अचानक आणि गंभीर चिथावणीमुळे भान सुटलं असेल तर खुनाचा दोष एक पायरी खाली येतो. पण राग गरम असेपर्यंतच. पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटींच्या खटल्यात, पत्नीनं कबुली दिल्यापासून गोळ्या झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते, मधल्या वेळात त्यांनी जहाजावरून रिव्हॉल्वरही आणलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये म्हटलं, एवढा वेळ भानावर यायला पुरेसा होता. जन्मठेप कायम झाली.

आपल्या ट्रॅक्टरवाल्याकडे परत येऊ. आहे तशा गोष्टीत तो हयगयीच्या पायरीवर उभा आहे. पण गोष्टीत थोडी भर घाला. समजा, त्याच संध्याकाळी पोलिसांनी अडवून सांगितलं होतं, ‘मागं काहीच लावलेलं नाही, रात्री असा निघू नको.’ ड्रायव्हरनं मालकाला फोन केला आणि मालक म्हणाला, ‘नंबर जाईल काट्यावरचा, तू निघ.’ आता ‘कळलं नाही’ म्हणायला जागा उरली नाही. आणि दोषाचा मोठा वाटा ड्रायव्हरच्या सीटवरून उठून फोनच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. ज्यानं स्टिअरिंगला हातही लावला नाही त्याच्याकडे.

याच रात्री जिल्ह्यात आणखी दहा ट्रॉल्या तशाच अंधारात उभ्या असतील. त्यांच्यावर कुणी आदळलं नाही, म्हणून त्यांच्या ड्रायव्हरांना फार तर दंड. हयगय अकरा जणांची सारखी, तुरुंग एकालाच. मनाच्या पट्टीनं दोष मोजणारा कायदा इथं गुपचूप परिणामाची पट्टी काढतो. नशिबानं वाचलेले दहा जण पोरगा मेलेल्या ड्रायव्हरला शिव्या देताना बघितले की ही गोष्ट जास्तच बोचते.

सुटणारे, अर्धे सुटणारे

काहींना कायदा दोषच लावत नाही. सात वर्षांखालचं मूल. सात ते बारा वयाचं मूल, जर त्याला परिणाम समजण्याइतकी जाण आलेली नसेल तर. आणि मनोविकारामुळे आपण काय करतोय हेच न कळणारा माणूस. या सगळ्यांनी केलेलं कृत्य चुकीचंच असतं, फक्त दोष चिकटायला लागणारं मन तिथं नसतं. स्वतःच्या बचावाचं तसं नाही. तिथं मन पूर्ण जागेवर असतं आणि कृत्यच योग्य ठरतं. पहिल्याला माफी आहे, दुसऱ्याला माफीची गरजच नाही. दारुड्याला यातलं काहीच मिळत नाही. स्वतःहून प्यालेल्या माणसाला शुद्धीत असताना जी जाणीव असती ती आहे असंच धरलं जातं.

भरपाईचा हिशेब वेगळा

दोष सिद्ध झाला नाही तर पोराच्या घरच्यांना काहीच मिळणार नाही, असं अनेकांना वाटतं. त्यातून फौजदारी केस ‘पक्की’ करण्यासाठी खटपटी सुरू होतात. प्रत्यक्षात दोन वाटा वेगळ्या आहेत. फौजदारी कोर्टात दोष वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. मोटार अपघात दावा प्राधिकरणात कोणती बाजू जास्त संभवनीय, एवढं बघतात. त्यामुळे ड्रायव्हर फौजदारीत संशयाचा फायदा मिळून सुटला आणि प्राधिकरणानं त्याच अपघातात त्याचा निष्काळजीपणा मान्य करून भरपाई दिली, असं घडतं, आणि त्यात विसंगती काहीच नाही.

दुसरं म्हणजे, इथं पैसे देतो तो दोषी असलाच पाहिजे असं नाही. ड्रायव्हर कामावर असताना चुकला तर मालक देणं लागतो. मालकानं विमा काढला असेल तर विमा कंपनी देते. (ट्रॅक्टरचा विमा वेगळा, ट्रॉलीचा वेगळा, शेतीसाठीचं वाहन भाड्यानं लावलं होतं का, या मुद्द्यांवर विमा कंपन्या हमखास भांडतात. ट्रॉली घेतानाच हे कागद बघणारा शेतकरी विरळा.) मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ तर आणखी पुढं जातं. कुणाची चूक हे न विचारता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. चूक सिद्ध करून जास्त मागायचं असेल तर कलम १६६.

मग पोरगा वेगात होता, त्याचं काय? तिथं योगदायी निष्काळजीपणा येतो. त्याचा स्वतःचा वाटा समजा तीस टक्के ठरला, तर भरपाईतून तेवढं कापलं जातं. पण वाटा मोजायचा तो अपघात घडवण्यातला. नियम मोडल्याचा राग भरपाईवर काढायचा नसतो. जखमीकडे लायसन्स नव्हतं एवढ्यावरून तो अपघाताला कारणीभूत ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये सांगितलं. मोटारसायकलवर तिघे बसले होते म्हणून उच्च न्यायालयानं कापलेले दहा टक्के २०२० मध्ये परत दिले, कारण तिघे बसल्यामुळेच अपघात झाला असं कुणी दाखवलं नव्हतं. गाड्यावरचं ‘ट्रिपल सीट होते ना, मग?’ हे वाक्य कोर्टात चालत नाही ते यामुळे. आणि मागं बसलेल्याचा तर चालवण्यात हातच नसतो. दोन वाहनांच्या चुकीत तो सापडला तर दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो. त्यांनी आपापसात हिशेब करावा.

दोष सरळ दुसऱ्यावर टाकणारं एक कलमही आहे, आणि ते घरोघर वाचून दाखवावं असं आहे. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९९ अ प्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. सरकारनं त्यांचा दोष सिद्ध करायचा नाही. ‘मला माहीत नव्हतं’ किंवा ‘मी अडवायचा पुरेपूर प्रयत्न केला’ हे त्यांनीच सिद्ध करायचं. दहावीच्या पोराला ‘जा, शेतात डबा देऊन ये’ म्हणत किल्ली देणाऱ्या बापाला हे सिद्ध करणं जड जाईल.

कारखान्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालय याहून कडक झालं. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातून वायू गळला. त्या प्रकरणात न्यायालयानं ठरवलं, की घातक उद्योग चालवणाऱ्यानं कितीही काळजी घेतलेली असो, नुकसान झालं तर भरपाई द्यावीच लागेल. दोष नाही, तरी देणं आहे. म्हणून ‘भरपाई दिली म्हणजे चूक कबूल केली’ असा अर्थ काढायचा नसतो.

अपघातात पडलेल्याला उचलायला लोक धजत नाहीत, त्यामागंही दोष अंगावर येण्याची भीतीच असते. त्याच २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १३४ अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. सद्भावनेनं मदत करताना काही कमीजास्त झालं तरी त्याला जबाबदार धरता येत नाही.

अनेकांचा मिळून एक दोष

एक ट्रॉली, एक ड्रायव्हर असला की बोट दाखवणं सोपं. शेकडो हात लागलेले असतात तिथं काय करायचं?

२५ जानेवारी २००५ ला वाई तालुक्यात मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि तीनशेच्या आसपास भाविक मेले. अरुंद पायऱ्या, फुटलेल्या नारळांच्या पाण्यानं झालेला निसरडा, प्रचंड गर्दी, दुकानांना लागलेली आग. यातली कुठलीच एक गोष्ट तीनशे माणसं मारायला पुरेशी नव्हती. नारळ फोडणाऱ्यानं हयगय केली असं कोण म्हणेल? सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला. अशा आयोगांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखालचा आयोग शिक्षा देत नाही. त्याचे निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतात. ‘आयोगानं ठपका ठेवला’ म्हणजे ‘दोषी ठरला’ नव्हे.

ठपका हा शब्द सरकारी कचेरीत मात्र अगदी नेमका आहे. महाराष्ट्र नागरी सेवेच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत किरकोळ शिक्षांच्या यादीत ‘ठपका ठेवणे’ ही सर्वांत हलकी शिक्षा आहे. कारणे दाखवा नोटीस ही त्याच्याही आधीची, नुसती विचारणा. निलंबन ही तर शिक्षाच नाही. चौकशी होईपर्यंत बाजूला बसवणं आहे. ताशेरे कोर्ट ओढतं, आणि त्यातून कुणाची नोकरी आपोआप जात नाही. पेपरात मात्र हे सगळे शब्द एकाच जाडीच्या टाइपात छापून येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, लागला निकाल. तसंच संशयित, आरोपी, दोषी हे शब्द. तुरुंगाच्या कागदपत्रांत यासाठी सुरेख जोडी आहे: न्यायाधीन बंदी आणि सिद्धदोष बंदी. या दोन शब्दांच्या मधे अख्खा खटला असतो.

सांगलीला हा घोळ सर्वांत चांगला कळायला हवा, तो महापुरामुळे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी दारात असतानाच निकाल लागला होता: कर्नाटकातलं आलमट्टी धरण. पुढं पुराची कारणं शोधायला राज्यानं नेमलेल्या वडनेरे समितीच्या २०२० च्या अहवालानं आलमट्टीवर खापर फोडलं नाही. त्यावरून आजही वाद चालू आहे, धरणाची उंची ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करण्याच्या कर्नाटकच्या मागणीनं तो धगधगताही आहे. धरणामुळे मागं तुंबणाऱ्या पाण्याचा फुगवटा सांगलीपर्यंत येतो का, हा जलशास्त्राचा प्रश्न आहे आणि तो मोजमापानंच सुटेल. पण तो कसाही सुटला तरी दोषाचे प्रश्न उरतातच. कोयना आणि वारणेतून किती पाणी कधी सोडायचं हे कुणी ठरवलं आणि तेव्हा त्यांच्यासमोर पावसाचा कोणता अंदाज होता? पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदाची लाल रेषा नकाशावर असताना आत बांधकामांना परवानगी कुणी दिली? प्लॉट स्वस्त का मिळतोय, हे घेणाऱ्याला कळत होतं का? आलमट्टीचं नाव घेतलं की एक सोय होते: दोष राज्याच्या सीमेपलीकडे जातो आणि गावातल्या एकाही सहीकडे बघावं लागत नाही.

दोष नसताना दोष

कायद्याच्या पायऱ्या सगळ्या अशा माणसासाठी आहेत, ज्यानं काहीतरी केलं किंवा करायचं टाळलं. घरात मात्र काहीच न केलेल्यालाही दोष लागतो. आपल्याकडे त्यासाठी वेगळे शब्द आहेत, कारण अनुभव भरपूर. आळ म्हणजे पुराव्याशिवाय चिकटवलेला दोष. बालंट म्हणजे भानगड दुसऱ्याची आणि ती आली आपल्या अंगावर. बोल लागणं तर आणखी सूक्ष्म: दोष दिला जात नाही, पण नावाला डाग पडतो. आणि पायगुण. आपल्या ट्रॉलीच्या गोष्टीतल्या पोराचं लग्न होऊन सहा महिने झाले असते, तर तेराव्याच्या आत कुणीतरी म्हणालं असतं, ‘हिचा पाय घरात पडला आणि...’ इथं कर्तव्य नाही, जाणीव नाही, कारणाशी दुरान्वयानंही संबंध नाही, तरी निकाल तयार. आणि त्यावर अपील नाही.

साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं धडपड केली, त्याचा एक भाग नेमका याच जागी बोट ठेवतो. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाअखेर जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमुक माणूस करणी करतो, मंत्रानं जनावराचं दूध आटवतो, तो अपशकुनी आहे, त्याच्यामुळे रोगराई पसरते, असं ठरवून त्याला त्रास देणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि ५ ते ५० हजार दंड. इथं कायद्यानं टेबल फिरवलं: ज्याच्याकडे बोट दाखवलं तो मोकळा, बोट दाखवणारा आरोपी.

दोष ठरवायचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांनी एकदा फार मोठ्या प्रमाणावर विचारून झालेला आहे. १९४२ च्या आंदोलनानंतर तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात (आजचा बराचसा सांगली जिल्हा त्यातच होता) क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. इंग्रजांच्या लेखी ती सगळी माणसं गुन्हेगार होती. त्या माणसांनी गावोगाव स्वतःची न्यायदान मंडळं चालवली, जमिनीचे तंटे मिटवले, गावगुंडांना आणि खबऱ्यांना शिक्षा केल्या. लोक इंग्रजी कोर्टाऐवजी तिकडे जात होते. त्या शिक्षा कठोर होत्या, आणि संशयापलीकडचा पुरावा दर वेळी तपासला गेला असेल असं मानणं भाबडेपणाचं होईल. तरी दोष कुणी द्यायचा हे लोकांनी ठरवलं होतं. १९४३ च्या जुलैत वसंतदादा पाटील साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, खांद्याला गोळी लागली आणि पुन्हा पकडले गेले. तुरुंग फोडणं तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. १९७७ मध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि राज्यातले सगळे तुरुंग त्यांच्या सरकारच्या ताब्यात आले. सांगलीचाही.